प्राथमिक शाळेतला गृहपाठ आणि पालकांची मदत

गृहपाठ म्हणजे शाळेत शिकवलेल्या गोष्टीवर घरी करून आणायला दिलेलं काम, बोलताना सगळे होमवर्क किंवा घरचा अभ्यासच म्हणतात. प्राथमिक म्हणजे इथे साधारण पहिली ते पाचवी धरलंय. या वयातला होमवर्क मोठ्या वर्गांपेक्षा वेगळा असतो कारण मूल तो बहुतेकदा एकटं करूच शकत नाही, वही शोधण्यापासून ते काय करायचंय हे समजून घेण्यापर्यंत कुणीतरी मोठं माणूस आसपास लागतं आणि खरी गंमत (आणि रडारड) तिथेच सुरू होते.

यात सराव येतो, म्हणजे पाढे, गणितं, शुद्धलेखन. मग वाचन, पाठांतर, आणि ज्याचं नाव काढलं की घरात शांतता पसरते तो प्रोजेक्ट. सरावामागचं कारण साधं आहे, शिकलेलं विसरतं. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये दाखवलं होतं की नवीन पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो, आणि एकदम घोकण्यापेक्षा दिवसांच्या अंतराने थोडं थोडं केलं तर जास्त टिकतं. म्हणून आठ दिवसांचे पाढे रविवारी रात्री एकत्र उरकण्यात तसा फारसा अर्थ नाही, रोज पाच मिनिटं परवडली.

होमवर्क कुणी शोधला म्हणून नेटवर रोबेर्तो नेविलिस नावाच्या इटालियन शिक्षकाचं नाव फिरत असतं, कुठे 1905 साल देतात कुठे 1095, या माणसाचा काहीच पुरावा नाही, मुलांनी शिव्या घालायला एक नाव मिळालं एवढंच. खरा इतिहास जास्त मजेशीर आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने 1901 मध्ये 15 वर्षांखालच्या मुलांच्या होमवर्कवर कायद्यानेच बंदी घातली होती आणि 1917 मध्ये ती उठवली. 1957 मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडल्यावर आपली मुलं मागे पडली या धास्तीने अमेरिकेतच होमवर्क पुन्हा वाढला. फ्रान्समध्ये 1956 पासून प्राथमिक वर्गांना लेखी गृहपाठ द्यायला सरकारी मनाई आहे, तरी शिक्षक देतात आणि पालकही मागतात. चीनने 2021 मध्ये पहिली-दुसरीचा लेखी गृहपाठ बंद केला आणि तिसरी ते सहावीला रोज सरासरी 60 मिनिटांची मर्यादा घातली. भारतात 2020 च्या स्कूल बॅग पॉलिसीत दुसरीपर्यंत होमवर्क नको आणि तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त 2 तास असं म्हटलंय. कागदावर म्हटलंय, वह्यांमध्ये काय दिसतं ते ज्याच्या त्याच्या दप्तराला माहीत.

बरं मग उपयोग होतो का? अमेरिकन संशोधक हॅरिस कूपर यांनी याच प्रश्नावर अनेक वर्षं काम केलं, आणि 2006 मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून जे मांडलं त्यात होमवर्क आणि मार्क यांचा संबंध वरच्या वर्गांत बऱ्यापैकी दिसतो पण प्राथमिकच्या मुलांत अगदीच क्षीण. लहान मुलांचं लक्ष टिकत नाही, अभ्यास कसा करायचा हेच अजून जमलेलं नसतं आणि वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला घरी जास्त वेळ लागतो, त्यामुळे जास्त वेळ म्हणजे जास्त मार्क असं सरळ गणित बसत नाही. दहा मिनिटांचा नियम बऱ्याच ठिकाणी सांगितला जातो, इयत्ता गुणिले 10 मिनिटं, म्हणजे दुसरीला 20 आणि चौथीला 40, सगळे विषय मिळून. दुसरीतलं पोरगं रोज दीड तास बसत असेल तर चूक पोराची नाही, कामाची किंवा पद्धतीची आहे.

आता पालकांनी काय करायचं. सगळ्यात जास्त फरक पडतो तो वेळ आणि जागा ठरवण्याने. एरिका पटॉल, कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्याने 2008 मध्ये पालकांच्या सहभागावरचे अभ्यास तपासले, त्यातही कधी आणि कुठे बसायचं याचे नियम लावणारे पालक आणि मुलांची प्रगती यांचा संबंध चांगला दिसला. रोज एकच वेळ, शाळेतून आल्या आल्या नाही, आधी खाणं, थोडं खेळणं, मग बसायचं. जागा म्हणजे वेगळी खोलीच हवी असं काही नाही, टेबलाचा एक कोपरा पुरतो, फक्त टीव्ही बंद पाहिजे आणि आपला मोबाईलही बाजूला, कारण आपण स्क्रोल करत "लक्ष दे" म्हटलेलं पोरांना बरोबर कळतं. पेन्सिल, खोडरबर, शार्पनर आधीच समोर ठेवायचं, नाहीतर अर्धा वेळ टोक काढण्यात जातो (आणि तो वेळ मुद्दामच काढला जातो हेही खरं).

अवघड भाग म्हणजे चूक दिसल्यावर गप्प बसणं. एक उदाहरण घ्या, 52 वजा 27. मुलाने 35 लिहिलंय. आपल्या तोंडून लगेच येतं "अरे 25!" आणि तो खोडून 25 लिहितो, वही सुंदर दिसते, उद्या बाईंना वाटतं याला जमतंय. पण त्याऐवजी "हे कसं केलंस, मला सांग ना" असं विचारलं तर तो सांगेल की 2 मधून 7 जात नाहीत म्हणून 7 मधून 2 घालवले. म्हणजे निष्काळजीपणा नाहीये, त्याने स्वतःचा एक नियम बनवलाय आणि प्रत्येक हातच्याच्या वजाबाकीत तो हेच करणार. मग दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवायच्या, 27 काढ म्हणायचं, एक जुडी सोडल्याशिवाय जमतच नाही हे त्याचं त्यालाच दिसतं. दहा मिनिटं गेली, एकच गणित झालं, चालेल.

आपली पद्धत लादायची नाही हेही यातच आलं. आपण वेगळ्या रीतीने शिकलेलो असतो, शाळेत दुसरी रीत चालू असते आणि मध्ये मूल "आमच्या बाईंनी असं नाही सांगितलं" म्हणत रडतं. अशा वेळी बाईंचीच पद्धत खरी. आणि ज्यांना स्वतःला गणिताची भीती आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट, 2015 मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असं दिसलं की गणिताला घाबरणारे पालक वारंवार होमवर्कला मदत करत असतील तर ती मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची भीतीही वाढली. घाबरणाऱ्या पालकांनी क्वचितच मदत केली त्यांच्यात मात्र हे दिसलं नाही. तर "मलाही गणित कधी आलं नाही बाबा" हे वाक्य पोरांसमोर टाळलेलंच बरं.

वाचनाच्या बाबतीत मात्र पालकांनी मनसोक्त घुसावं. एक पान मुलाने, एक पान आपण. अडलेल्या शब्दावर लगेच उडी न मारता चारपाच सेकंद थांबायचं, बऱ्याचदा तो स्वतःच सोडवतो.

प्रोजेक्टवर काय बोलणार. रात्री नऊला "उद्या ज्वालामुखी न्यायचाय" अशी बातमी येते आणि साडेअकराला आई कार्डबोर्ड कापत असते, बाबा रंग देत असतात, ज्याचा प्रोजेक्ट तो झोपलेला. वर्गात मग पालकांचंच प्रदर्शन भरतं आणि ज्या मुलाने खरंच स्वतः केलं त्याचा वाकडातिकडा ज्वालामुखी मागे ठेवला जातो, हा प्रकार शिक्षकांनीही थांबवायला हवा. कात्रीचं कठीण काम आपण करावं, बाकी वाकडं तर वाकडं.

आणि ठरलेला वेळ संपला तरी काम उरलं असेल तर वही बंद करायची. डायरीत दोन ओळी लिहायच्या, "अर्धा तास बसला, पहिली चार केली, हातच्याला अडला." शिक्षकांना नीट पूर्ण केलेल्या वहीपेक्षा या चिठ्ठीतून जास्त कळतं. असं आठवड्यामागून आठवडे होत राहिलं, अक्षरं उलटी पडतात, फळ्यावरचं उतरवून घेताना चुकतं, वाचायला बसलं की पोटात दुखतं, तर आळशी म्हणण्याआधी डोळे तपासून घ्यावेत, ऐकू नीट येतं का बघावं आणि डिस्लेक्सियासारखी (वाचायला-लिहायला जड जाण्याची) अडचण आहे का हे तज्ज्ञांना विचारावं.