लागर यीस्ट : संकर आणि वाणभेद

थंड तापमानात बिअरचे किण्वन (आंबवण्याची क्रिया) करून अखेरीस पात्राच्या तळाशी बसणाऱ्या यीस्टला लागर यीस्ट म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव सॅकॅरोमायसीज पास्तोरियानस. एल (तुलनेने उबदार तापमानात आंबवली जाणारी) बिअर व पाव यांसाठी वापरले जाणारे सॅ. सेरेव्हिसी आणि थंडी सोसणारे रानटी सॅ. यूबायानस यांच्या संकरातून ते निर्माण झाले आहे.

यूबायानसचे वर्णन २०११ मध्ये अर्जेंटिनातील पॅटागोनियात दक्षिणी बीच वृक्षांवर सापडलेल्या नमुन्यांवरून झाले. ते समुद्रमार्गे युरोपात आले असावे, असे तेव्हा सुचविले गेले. परंतु २०१४ मध्ये वर्णिलेले तिबेटी वाण लागर यीस्टमधील यूबायानस अंशाशी अधिक जुळतात, आणि पुढे आयर्लंडमध्येही ही जाती सापडल्याने तो तर्क आता दुबळा वाटतो. संकराचा काळही अनिश्चित आहे. १६०२ नंतर म्यूनिकच्या राजदरबारी मद्यशाळेत गव्हाच्या बिअरचे सेरेव्हिसी यीस्ट व तळाशी बसणारे, यूबायानस असलेले यीस्ट शेजारी-शेजारी नांदू लागले आणि तेथेच संकर घडला, हे अलीकडील मत संभाव्य असले, तरी त्याचा पुरावा बहुतांशी कागदोपत्री आहे.

लागर यीस्टचे साझ आणि फ्रोबर्ग असे दोन गट पडतात. साझ वाण साधारणतः त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेले) असून त्यांत सेरेव्हिसीचा अंश कमी असतो; फ्रोबर्ग वाण जवळपास चतुर्गुणित (चार संच असलेले) असून माल्टोट्रायोज ही शर्करा अधिक चांगली वापरतात. हे गट दोन स्वतंत्र संकरांतून आले, असे पूर्वी मानले जाई. मात्र दोन्ही गटांत दोन जनकांच्या गुणसूत्रांचे तुकडे जिथे जोडले गेले, असे काही सांधे एकाच ठिकाणी आढळतात, त्यामुळे मूळ संकर एकच असून नंतर गुणसूत्रांची घट व द्विगुणन होत गेले, हे मत अधिक ग्राह्य ठरते.

१८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हॅन्सन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढविले. बिअरचा दर्जा त्यामुळे स्थिरावला. पण मिश्र यीस्टऐवजी निवडक वाण सर्वत्र पसरल्याने आजची विविधता मर्यादित राहिली, असे म्हणावे लागते.

लागर यीस्टचे बीजाणू क्वचितच जगत असल्याने त्याची नेहमीच्या पद्धतीने पैदास करणे कठीण असते. म्हणून संशोधक दोन्ही जनक जातींचे नव्याने मीलन घडवून आणतात. फिनलंडमध्ये २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे संकर जनकांपेक्षा जलद किण्वन करणारे ठरले. रानटी जनकाकडून येणारी लवंगेसारखी चव मात्र लागर बिअरमध्ये दोष समजली जाते. ती घालविण्यासाठी संबंधित जनुके निष्क्रिय असलेली संतती निवडावी लागते.