कडुलिंब किरणोत्सर्ग खाऊन संपवतो का?

"बांधावर कडुलिंब लावा, तो किरणोत्सर्ग खाऊन संपवतो" हा मेसेज लातूर-बीडकडच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय. ऐन मे महिन्यात लिंबाच्या सावलीनं तगणाऱ्या माणसाला तो पटला, तर नवल नाही.

झाड किरणोत्सर्गी द्रव्य घेतं, इथवर खरं आहे. अणुस्फोटातून किंवा अणुभट्टीच्या अपघातातून उडालेली धूळ पानांवर, सालीवर बसते. थोडी पानांतून आत जाते, बाकीची पावसानं मातीत उतरते आणि तिच्यातलं सीझियम-१३७, स्ट्रॉन्शियम-९० मुळं उचलतात. सीझियमचं वागणं पोटॅशसारखं, स्ट्रॉन्शियमचं कॅल्शियमसारखं. झाडाची त्यात गफलत होते. (चिकणमाती सीझियम घट्ट धरते, त्यामुळे आपल्या काळ्या रानात मुळांना ते कमीच मिळेल.)

पण घेतलं म्हणजे संपलं नाही. किरणोत्सर्ग निघतो तो अणूच्या केंद्रकातून, आणि झाडातली रासायनिक क्रिया तिथपर्यंत पोचतच नाही. सीझियम-१३७ निम्मं व्हायला सुमारे ३० वर्षं लागतात, मग ते मातीत असो की खोडात. पानगळ झाली की काही भाग परत जमिनीवर. लाकूड जाळलं तर बरंचसं राखेत साठतं. १९८६ साली युक्रेनमधल्या चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा अपघात झाला, तेव्हा जवळची पाइनची झाडं तर स्वतःच तांबडी पडून मेली.

पडताळायचं असेल तर बारावीच्या भौतिकशास्त्रातलं अर्धायुष्याचं, म्हणजे द्रव्य निम्मं व्हायला लागणाऱ्या काळाचं, सूत्र काढा. त्यात झाडाला कुठं जागाच नाही. आणि मोबाइल टॉवरच्या रेडिओ लहरी म्हणजे किरणोत्सर्गी धूळ नव्हे, तो विषयच निराळा.