नशेतील प्रत्यक्षदर्शीची स्मृती

मद्य घेतलेल्या साक्षीदाराला पाहिलेला गुन्हा कितपत आठवतो, हा न्यायसाहाय्यक मानसशास्त्रातील अभ्यासविषय. प्यायलेला माणूस भलतेच सांगणार, असे सर्रास धरले जाते. प्रयोगांत दिसते ते वेगळे : नशा बेताची असेल तर तो कमी सांगतो, पण सांगतो ते बहुधा न प्यायलेल्याइतकेच बरोबर असते.

मद्यार्काने बिघडते ती मुख्यतः आठवणीची नोंद. मेंदूच्या हिप्पोकॅम्पस भागातील ग्लुटामेट या रसायनामार्फत चालणारे संदेशवहन मंदावते आणि घडलेले दीर्घकालीन स्मृतीत उतरत नाही. रक्तातील प्रमाण साधारण ०.१६ टक्क्याच्या पुढे गेले, विशेषतः उपाशीपोटी भराभर पिऊन, तर स्मृतिलोपाचा धोका वाढतो. त्या वेळी माणूस चालतो, बोलतो, भांडतोही. शेजारच्याला पत्ता लागत नाही. लोप तुटक असेल तर खूण पटताच काही तुकडे परत येतात. संपूर्ण असेल तर नोंदच नसते. मग खोदून विचारल्यावर हाती येते ते बरेचदा ऐकीव किंवा अंदाजाचे.

स्टील व जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ‘मद्यजन्य निकटदृष्टी’ची कल्पना मांडली : नशेत लक्ष आखडते. चाकू लक्षात राहतो, दाराशी थांबलेला साथीदार निसटतो. साक्षीदारांवरील सगळ्याच प्रयोगांत हा फरक आढळलेला नाही. त्याच वर्षी यूल व टोलस्ट्रप यांनी बनावट चोरी दाखवून चाचणी घेतली. प्यायलेल्यांनी तपशील कमी दिले. छायाचित्रांतून चोर ओळखण्यात मात्र फारसा फरक पडला नाही. एकाच संशयिताला समोर आणून ‘हाच का?’ विचारणे अधिक जोखमीचे. २००२ च्या एका अभ्यासात, खरा माणूस समोर नसताना, जास्त प्यायलेल्यांनी चुकीची ओळख अधिक पटवली.

साक्षीदाराची उतरेपर्यंत थांबावे, हा सल्ला वरकरणी रास्त. पण रक्तातील मद्यार्क तासाला सरासरी ०.०१५ टक्क्यानेच घटतो, ०.१२ टक्के असेल तर आठ तास गेले. तेवढ्यात विसर पडतो, चार जणांशी बोलून आठवणीत भेसळही होते. साक्षीदार सुसंगत बोलत असेल तर पहिला जबाब लगेच घ्यावा, उतरल्यावर पुन्हा विचारावे. श्वासचाचणीचा आकडा वेळेसह नोंदवावा. ‘काय घडले ते सांगा’ इथून सुरुवात करावी. ‘शर्ट लाल होता ना?’ असे सुचवू नये, आणि ‘माहीत नाही’ हे उत्तर चालेल, हे आधीच सांगावे.

गुन्हा पाहिल्यावर प्यायलेल्याचे प्रकरण निराळे. आधी साठलेली आठवण त्याने सहसा बिघडत नाही. काही प्रयोगांत ती उलट थोडी चांगली टिकली, बहुधा नंतरच्या गोष्टींची तीत सरमिसळ कमी झाल्याने. म्हणून जबाबात ‘साक्षीदार नशेत होता’ एवढेच लिहून भागत नाही. तो आधी प्यायला की नंतर, हेही हवे.