सुटी कचेरीची, करमणूक कापसाची

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला नाताळची सुटी एकच दिवस असायची. पंचवीस डिसेंबर, बस. सव्वीसला पुन्हा प्रार्थना, पुन्हा पाढे. तरी गावात ‘नाताळच्या सुट्या’ असं अनेकवचनातच बोललं जाई. नागपूर-अमरावतीला कॉन्व्हेंटात शिकणारी पाव्हण्यांची पोट्टी आठ-दहा दिवसांसाठी येत. कोर्टात तारीख असलेला माणूस ‘आता नाताळानंतरच बोलावलं’ म्हणत हात हलवत परत येई. आणि या आठ-दहा दिवसांत गावाला करमणुकीची जी भूक लागायची, ती ना दिवाळीत दिसायची ना उन्हाळ्यात. आता ‘सुट्यांत काय पाहाल’ अशा याद्या डिसेंबर लागला की फोनवर येऊन पडतात. पण विदर्भाच्या खेड्यात या दिवसांत पिच्चर, गाणी, नाटक हा बेत बराच जुना आहे. तो कुठून आला, ते सांगतो.

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगिजांचा, आपल्याकडे कोकण-गोव्याच्या वाटेनं आलेला. सुटी मात्र इंग्रजांची. वर्षअखेरीस कोर्ट-कचेऱ्या बंद राहत आणि वकीलमंडळी मोकळी होत. काँग्रेसची जुनी अधिवेशनं डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भरायची, त्यामागं हेच कारण होतं. १८९१ला नागपूर, १८९७ला अमरावती, १९२०ला पुन्हा नागपूर ही तिन्ही अधिवेशनं नाताळच्या सुट्यांतलीच. म्हणजे वऱ्हाड-नागपूरकडच्या माणसाला या सुटीची पहिली ओळख झाली ती कचेरीच्या दारावरच्या कुलपानं आणि पुढाऱ्यांच्या मांडवानं. केक, झाडबिड ही फार पुढची गोष्ट.

खराखुरा नाताळ पाळणारी माणसंही इथं होतीच, आणि ती काही सगळी शहरातली नव्हती. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले, तेव्हापासून मिशनचं काम हळूहळू आडगावांपर्यंत गेलं. यवतमाळ जिल्ह्यातलं उमरी, अचलपूरजवळचं कोठारा, वाशीम अशा ठिकाणी मिशनचे दवाखाने उभे राहिले. यवतमाळला तर धर्मशिक्षणाचं मोठं विद्यालय होतं, ते १९८३ मध्ये पुण्याला गेलं. या मंडळींच्या नाताळात पेटी असे, ढोलकी असे, झांजा असत. मराठी ख्रिस्ती गाण्याला अभंग-ओवीचा घाट देणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात राहिलेले होते, बुटींच्या आश्रयानं तिथं ‘ऋषी’ नावाचं मासिक चालवत होते. त्यामुळे नाताळच्या रात्री गाणारी टोळी वस्तीवरून गेली, तर लांबून ऐकणाऱ्याला वाटावं भजनी मंडळच चाललंय. बाकी गावासाठी पंचवीस डिसेंबरला आणखीही अर्थ होता. १९२७ला याच तारखेला महाडात बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. वीस तारखेला गाडगेबाबांची पुण्यतिथी, सत्तावीसला पंजाबराव देशमुखांची जयंती. डिसेंबरचा शेवट असा आधीच भरलेला.

पण कार्यक्रम कितीही असले तरी करमणुकीला पैसा लागतो, आणि तो कापसाच्या पट्ट्यात याच दिवसांत येई. दिवाळीच्या आसपास वेचाई सुरू होते, दुसरा-तिसरा वेचा डिसेंबरात उरकतो. १९७२ पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे सगळा कापूस सरकारनंच घ्यायचा, सुरू झाली. खरेदी केंद्रासमोर कापसानं भरलेल्या बंड्यांच्या रांगा लागत, माणसं दोन-दोन रात्री बंडीखाली झोपत आणि चुकाऱ्याची, म्हणजे कापसाच्या पैशाची, वाट बघत. चुकारा पुरता मिळो न मिळो, पहिला हप्ता हाती आला की घरी परतताना पोरांना काहीतरी कबूल केलेलं असायचंच. पूर्वेकडं, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीत, हेच काम धान करी. म्हणून माझं म्हणणं असं की सुटी दिली कचेरीनं, पण करमणूक दिली पिकानं. ज्या वर्षी बोंडं सडली त्या वर्षी सुटी तेवढीच राही, सिनेमाच्या तंबूपुढची गर्दी मात्र निम्मी होई.

आता तंबू म्हटलं की बहिरमचं नाव आलंच पाहिजे. अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार तालुक्यात, परतवाड्याहून बैतुलकडं जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमबुवाची यात्रा भरते. वीस डिसेंबरला सुरू होते आणि जानेवारीअखेरपर्यंत चालते. एवढी लांबलेली यात्रा आमच्याकडं दुसरी क्वचितच. रोडगे आणि हंडीतलं मटण यासाठी लोक अजून जातात. पूर्वी तिथं पशुबळी चाले, त्याविरुद्ध गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन लोकांना सुनावलं. रात्री एका अंगाला तमाशाचे फड, दुसऱ्या अंगाला टुरिंग टॉकीज. शहरातल्या पोरांची नाताळची सुटी आणि बहिरमचा पहिला आठवडा बरोबर एकमेकांवर पडतात. कुणी ठरवून केलेलं नाही हे, पण आमच्या भागातल्या दोन-तीन पिढ्यांना नाताळ म्हणजे बहिरमचा तंबू एवढंच आठवतं.

तो तंबू जवळून पाहिलेला माणूस विसरत नाही. दिवसा जीपवर भोंगा बांधून गावोगाव पुकारा. संध्याकाळी तंबूवरच्या कर्ण्यातून देवाचं गाणं लागलं की समजायचं, तिकिटं सुरू झाली. मधोमध कनात, एका बाजूला बाया, एका बाजूला माणसं. बसायला भुई, अंगावर घोंगडी किंवा घरची वाकळ, मांडीवर पुडीत मुर्रा-फुटाणे. मशीन एकच असे. त्यामुळे एक रीळ संपलं की दिवे लागत, दुसरं चढेस्तोवर विड्या पेटत, आणि पुन्हा अंधार झाला की त्या विड्यांच्या धुरातून पडद्याकडं जाणारा उजेडाचा पट्टा चांगला हातानं धरता येईल असा दाट दिसे. जनरेटरचा आवाज नायिकेच्या रडण्यावर मात करी. ज्यांच्याजवळ पैसे कमी, ते पडद्याच्या मागल्या बाजूला घुसत. तिथून सगळं उलटं दिसायचं. पाट्यांवरची अक्षरं उलटी, हिरो डावखुरा. माझ्या एका चुलतभावाची बरीच वर्षं समजूत होती की सिनेमातली सगळी मारामारी डाव्या हातानंच करतात.

हे पिच्चर येत कुठून? अमरावतीहून. चित्रपटधंद्यानं देशाचे जे विभाग पाडले होते, त्यात सी.पी.-बेरार, म्हणजे जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड, हा एक, आणि त्याच्या वितरकांच्या कचेऱ्या अमरावतीत आणि भुसावळला असत. रिळांचे गोल पत्र्याचे डबे रेल्वेनं यायचे, तिथून शहराच्या टॉकीजला, मग तालुक्याला आणि सगळ्यांत शेवटी तंबूला. तोवर प्रिंट अशी घासलेली असे की भर उन्हाच्या सीनमध्येही पाऊस पडतोय असं वाटे. नवा पिच्चर तंबूत लागला असं कधी ऐकलं नाही. पण नवं-जुनं हा हिशेब शहराचा. गावात जो आधी पाहिला नाही तो नवा, आणि जो पाहिला तो पुन्हा पाहायचा.

वैनगंगेच्या पलीकडं तंबूपेक्षा मांडव मोठा. झाडीपट्टीची, म्हणजे या पूर्वेकडच्या धानाच्या मुलखाची, नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात आणि होळीच्या आसपास थांबतात. डिसेंबर-जानेवारी म्हणजे भर हंगाम. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्या धंद्याचं ठाणं. नाटक मंडळ्यांच्या कचेऱ्या तिथं, तारखा तिथं ठरतात, पाट्या तिथं रंगतात. ज्या गावात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, त्या गावात रात्री नाटक, असा रिवाज. पटाला आलेला पाव्हणा नाटक पाहूनच परततो. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि कोंबडं आरवेपर्यंत चालतं, मधे गाणी, लावणी, विनोद सगळं. घराघरात पाव्हणे इतके की निजायला जागा नसते, म्हणून का होईना सगळे मांडवात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या, तेव्हा पटाचा आधार गेला तरी नाटक टिकलं. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि जोडी पुन्हा जुळली. २०२३ मध्ये या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना झाडीपट्टी तेव्हा नव्यानं सापडली. ती दर काही वर्षांनी त्यांना नव्यानं सापडतच असते.

गाण्यांची गोष्ट वेगळी आहे, कारण गाणं घरात आलं. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं. पण १९५२ पासून माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असलेल्या बा. वि. केसकरांना सिनेसंगीताचं वावडं होतं, त्यामुळे आकाशवाणीवर फिल्मी गाणी जवळपास बंदच झाली. लोकांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी तिथं ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बुधवारी रात्री आठला अमीन सयानींचा आवाज. वर्षभर गाणी पायदान चढायची-उतरायची, आणि डिसेंबर सरताना वर्षाचा हिशेब लागायचा. कोणतं गाणं सरताज, कुणासाठी बिगुल वाजणार. नाताळच्या आठवड्यातली खरी परीक्षा ती. गावात रेडिओ दोन-चार घरीच असे. ज्याच्या घरी तो, त्याच्या ओसरीवर शेकोटी पेटे आणि पैजा लागत, बहुतेक चहाच्या. सेल उतरले की दिवसभर ते कौलावर उन्हात ठेवायचे; तेवढ्या उबेवर ते रात्री तासभर तरी तग धरत. सिलोन शॉर्टवेव्हवर, म्हणून नेमकं पहिल्या नंबरच्या वेळी आवाज लाटेसारखा लांब जाई. मग कुणीतरी रेडिओ उचलून गोठ्याकडं तोंड करून धरी. का ते ठाऊक नाही, पण आवाज परत येई. सरकारनंही शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढली, आणि गीतमाला १९८९ मध्ये तिथंच आली.

याच दिवसांत रानात तूर भरलेली असते, हरभरा घाट्यावर येतो आणि रानडुकरं उतरतात. म्हणून जागल, म्हणजे रात्रभर पिकाची राखण. आमचे आबा मचाणावर जाताना काठी, बॅटरी आणि रेडिओ या तीन वस्तू नेत. १९८८ मध्ये आकाशवाणीची रात्रभर चालणारी राष्ट्रीय सेवा सुरू झाली, तिचं ताकदवान प्रक्षेपण नागपूरहूनच होई. ती आबांना मोठीच सोय झाली. ते म्हणत, दिल्लीवाल्यांनी आपल्या जागलीसाठी खास माणूस बसवला आहे.

टीव्हीचं सांगण्यासारखं थोडकंच. मुंबई दूरदर्शन १९७२चं, पण खेड्यापर्यंत चित्र पोचलं ते १९८२ नंतर, जेव्हा रंगीत प्रसारण आलं आणि जागोजागी लहान प्रक्षेपक उभे राहिले. ग्रामपंचायतीचा टीव्ही लाकडी खोक्यात, खोक्याला कुलूप, किल्ली सचिवाकडं, आणि सचिव गावात नसे. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी रामायण लागे तेव्हा मात्र किल्ली बरोबर सापडे. कडक थंडीत छपरावर चढून अँटेना फिरवायचा मान घरातल्या सर्वांत धाकट्याला. खालून विचारणा: आल्या का मुंग्या? गेल्या का मुंग्या?

व्हिडिओनं मात्र तंबूचं कंबरडं मोडलं. तालुक्याहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचा, वर्गणी काढायची, एका रात्रीत तीन कॅसेटी. पहिली देवाधर्माची, बायांसाठी, दुसरी मारामारीची, तिसरी सुरू होईस्तोवर निम्मं गाव तिथंच लवंडलेलं. लाइन गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी. बहिरमच्या यात्रेतले तंबू या काळात एकेक करून कमी झाले. पुढं डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची फुकट डिश आली. वीज असली तर. विदर्भातल्या खेड्यांनी पुढची बरीच वर्षं दिवसाचे कितीतरी तास भारनियमनात काढले, त्यामुळे मालिकेचा निम्मा भाग पाहायचा आणि उरलेला शेजारच्या गावच्या सोयऱ्याला विचारायचा, अशी रीत पडली.

गंमत म्हणजे नाताळ आणि सिनेमा ही जोडी गावाला ठळक दिसली ती आणखी नंतर, पोस्टरवर. मुंबईच्या निर्मात्यांनी डिसेंबरचा शेवटचा आठवडा मोठ्या चित्रपटांसाठी राखून ठेवायला सुरुवात केली. आमिर खानचे ‘तारे जमीन पर’ (२००७), ‘गजनी’ (२००८), ‘थ्री इडियट्स’ (२००९) हे तिन्ही या दिवसांतलेच. ‘दंगल’ २३ डिसेंबर २०१६ला, नोटाबंदीत, खिशात चिल्लर नसताना. एरवी हे पिच्चर आमच्या तालुक्याला होळीला पोचले असते. पण २००५ नंतर उपग्रहावरून चित्रपट थेट टॉकीजमध्ये उतरवायची सोय होत गेली, पत्र्याचे डबे संपले, आणि मुंबईचा शुक्रवार तो आमचाही शुक्रवार झाला. त्यापाठोपाठ अमरावतीच्या वितरकांचं जुनं महत्त्वही ओसरलं.

२०१६ मध्ये स्वस्त इंटरनेट आलं आणि प्रत्येकाच्या खिशात वेगळा तंबू झाला. बहिरमला आता पोरं जातात ती रोडगे खायला आणि मटण हाणायला. पिच्चर वाटेतच बंडीवर नाहीतर बसमध्ये पाहून होतो.

मचाण आहे तिथंच आहे. आबांच्या जागी आता माझा भाऊ जातो, रेडिओच्या जागी ब्लूटूथचा डब्बा. डुकरं पळावीत म्हणून तो रात्रभर मोठ्यानं गाणी लावून ठेवतो, बहुतेक गीतमालेच्या काळातलीच, कारण त्याच्या मते नव्या गाण्यांना डुकरं भीत नाहीत. यंदा धुरा-धुऱ्यावर सगळ्यांनीच डब्बे लावलेत. चारही बाजूंनी चार वेगळी गाणी येतात, आणि तुरीच्या ओळींतून काहीतरी जड, सावकाश चालत असल्याचा आवाज मधूनमधून तरीही येतोच.