साकुराच्या झाडावर खायच्या चेरी लागतात का?

एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय, की जपानमध्ये साकुराची, म्हणजे तिथल्या चेरीची, फुलं गळली की त्याच झाडांना आपण केकवर लावतो त्या लाल चेरी लागतात, पोरांना घेऊन जा, तोडून खाऊ द्या. नावातच चेरी आहे म्हटल्यावर कुणालाही हे पटेलच. पण बागांमधली ही झाडं फुलांसाठी वाढवलेली असतात, खायच्या चेरीची जात वेगळी, जपानात ती मुख्यतः यामागाता प्रांतातल्या फळबागांमध्ये होते आणि साधारण जूनमध्ये पिकते.

सगळ्यात जास्त दिसणारी जात सोमेई-योशिनो, तिची झाडं कलमं करून वाढवलेली, म्हणजे सगळी एकाच झाडाची नक्कल, त्यामुळे आपापसातल्या परागांनी फळ धरत नाही. शेजारी दुसरी जात असेल तर धरतं, पण वाटाण्याएवढं, काळपट आणि चवीला कडवट.

पडताळायचं असेल तर मे अखेरीस त्याच झाडाखाली बघा, किंवा तोक्योच्या शिन्जुकु ग्योएन या बागेत एप्रिलच्या उत्तरार्धात भरगच्च पाकळ्यांची गुलाबी फुलं मुलांना जवळून दाखवा, त्यातले बरेच पुंकेसरच पाकळ्या झालेले असतात आणि अनेक जातींत फळ धरणारा स्त्रीकेसरही पानासारखा झालेला असतो, मग फळ येणार कुठून? फक्त फांद्या ओढू देऊ नका, खाली पडलेल्या पाकळ्या गोळा करू देत.