फायटरचे पर: कुजले की फाटले?

फायटरच्या, म्हणजे बेटा माशाच्या, शेपटीची कड विस्कटलेली दिसली की लगेच ‘फिन रॉट’ (पर कुजण्याचा रोग) झाला असं ठरवून लोक औषध आणायला धावतात. विस्कटलेला प्रत्येक पर मात्र कुजलेला नसतो. तो कशात तरी अडकून फाटलेला असतो किंवा माशाने स्वतःच चावलेला असतो. कुजणं आणि फाटणं दोन्ही लांबून सारखंच दिसतं, पण उपाय अगदी वेगळे. त्यामुळे बाटली उघडण्याआधी पाच मिनिटं नीट बघण्यात घालवा.

टँकसमोर क्षणभर छोटा आरसा धरला की फायटर गालफडं फुगवून सगळे पर ताणून उभा राहतो. तेवढ्यात फोटो काढा आणि लगेच आरसा बाजूला घ्या. आता फोटो मोठा करून पराची कड बघा. अडकून फाटलेल्या परात दोन काड्यांच्या मधला पडदा सरळ चिरलेला असतो आणि चिरेच्या दोन्ही बाजूंचा रंग बाकीच्या परासारखाच असतो. चावलेल्या शेपटीतून अर्धगोल तुकडा गेलेला दिसतो, तोही बहुतेक वेळा एका रात्रीत. संध्याकाळी अख्खी असलेली शेपूट सकाळी अर्धी दिसली तर ते कुजणं नव्हे, कुजायला वेळ लागतो.

कुजलेल्या पराची कड ओबडधोबड असते. ती काळपट, तपकिरी किंवा लालसर पडते, कधी पांढुरकी आणि लिबलिबीत होते, आणि दिवसागणिक अंगाच्या दिशेने सरकते. मधला पडदा झिजून काड्या उघड्या पडतात. बऱ्याचदा मासाही मलूल असतो, पर मिटून एका कोपऱ्यात बसतो. आणखी एक खूण म्हणजे पोटाखालचे दोन लांबट पर. मासा शेपूट चावू शकतो, पण तिथे त्याचं तोंड पोचत नाही. टँकमध्ये तो एकटाच असेल आणि तेही पर झिजलेले असतील तर कुजण्याचा संशय पक्का धरा.

सगळ्यात जास्त फसवते ती नवीन वाढ. फाटलेला पर भरून येताना कडेला पातळ, रंगहीन, जवळपास पारदर्शक पट्टी दिसते. तिलाच पांढरी कड समजून लोक बऱ्या होत असलेल्या माशाला औषध पाजतात. दर दोन दिवसांनी एकाच कोनातून फोटो काढला तर गोंधळ उरत नाही: पर लांब होत असेल तर ती वाढ, आखूड होत असेल तर कूज. क्राउनटेल जातीच्या काड्या मुळातच पडद्याबाहेर आलेल्या असतात, हेही नव्या माणसाला माहीत नसतं. मार्बल जातीचे मासे तर वयाबरोबर रंगच बदलतात, त्यांच्या पराची कड काळी झाली म्हणून घाबरून जाऊ नये.

कूज होते ती पाण्यामुळे. एरोमोनास, स्यूडोमोनास यांसारखे जिवाणू चांगल्या टँकमध्येही असतात, पण माशाची प्रतिकारशक्ती ढासळली की त्यांचं फावतं. ती ढासळते अमोनियामुळे, थंड पाण्यामुळे, नाहीतर सततच्या ताणामुळे. फायटर पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणून तो बरणीतही तग धरतो, आणि त्यावरून त्याला बरणी पुरते असा समज पसरला आहे. श्वासाचं भागतं हो, पण त्याच्याच विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून तयार होणारा अमोनिया बरणीत झपाट्याने साठतो. निदान २० लिटरची टँक, मंद प्रवाहाचा स्पंज फिल्टर आणि २५ ते २७ अंश सेल्सिअस ठेवणारा हीटर एवढं हवंच. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय यावर विसंबू नका, अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. पाणी तपासायच्या टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि त्यापासून बनणारा, तसाच विषारी नायट्राइट शून्य यायला हवेत, त्यापुढे बनणारा कमी घातक नायट्रेट २० पीपीएमच्या (लिटरला २० मिलिग्रॅम) आसपास किंवा कमी. पहिले दोन शून्याच्या वर असतील तर पर कशामुळे का विस्कटला असेना, आधी पाणी बदला.

फाटण्याचं कारण टँकमधल्या सजावटीत सापडतं. प्लॅस्टिकची झाडं, धारदार दगड, खेळण्यातल्या किल्ल्याच्या खिडक्या आणि फिल्टरचं पाणी ओढणारं तोंड हे नेहमीचे संशयित. नायलॉनचा पातळ मोजा या वस्तूंवरून फिरवा. जिथे मोजा अडकेल तिथे परही अडकणार. प्लॅस्टिकऐवजी जावा फर्न किंवा अनुबियास लावा. दोन्ही कमी उजेडात जगतात आणि फार लाड मागत नाहीत.

उपचाराचं सांगायचं तर फाटलेल्या पराला स्वच्छ, उबदार पाण्यापलीकडे सहसा काही लागत नाही. जखमेत पुढे कूज शिरू शकते, म्हणून लक्ष मात्र ठेवावं. कूज सुरुवातीची असेल तर रोज पाव टँक पाणी बदला. नवं पाणी त्याच तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं असावं. सोबत दर चार लिटरला एक छोटा चमचा अ‍ॅक्वेरियम सॉल्ट वेगळ्या पाण्यात विरघळवून घालता येतं, तेही दहा दिवसांपेक्षा जास्त नाही. मीठ बाष्पीभवनाने जात नाही, त्यामुळे पाणी बदलताना जेवढं काढलं तेवढ्यापुरतंच नवं मीठ घालायचं. झाडांना ते मानवत नाही, त्यामुळे मासा वेगळ्या भांड्यात ठेवलेला बरा.

पाणी सुधारूनही कड अंगाकडे सरकतच असेल, तर मात्र माशांच्या जाणकार डॉक्टरांना विचारून अँटिबायोटिक द्या, तेही वेगळ्या भांड्यात. कूज पराच्या मुळापर्यंत गेली तर तिथला पर परत येत नाही, म्हणून इथे उशीर नको. उलट नुसत्या फाटलेल्या परासाठी मुख्य टँकमध्ये अँटिबायोटिक ओतलं, तर अमोनिया पचवणारे फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरू शकतात. अमोनिया चढतो, आणि आठवडाभरात खरीखुरी कूज सुरू होते. मग ‘औषध देऊनही फिन रॉट वाढला’ म्हणून लोक मात्रा आणखी वाढवतात!

शेपूट चावणाऱ्यांना औषधच नाही. प्रवाह मंद करा, काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसत असेल तर दिव्याची जागा बदला, लपायला झाडी द्या. रोझटेलसारख्या जड शेपटीच्या जातींत काही मासे एवढं करूनही चावतच राहतात. त्यांना आखूड शेपटीनेच राहू द्यावं असं माझं मत आहे, कारण त्या शेपटीने त्यांना पोहायलाही सोपं जातं.