आधी नुसतं पाणी उकळून बघा

अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्यांचा एक घाणा ठरलेला असतो: पाच गॅलन, म्हणजे 19 लिटर. या नादाला नव्यानं लागलेला माणूस दुकानात जातो, 20 लिटरचं चकचकीत पातेलं उचलतो आणि वर लिटरभर जागा सुटली म्हणून खूश होतो. पहिल्या उकळीलाच सगळीकडे चिकट फेस आणि विझलेला बर्नर. 19 लिटर बिअरसाठी जवळपास दुप्पट मापाचं पातेलं लागतं, आणि त्यामागचं गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या पलीकडचं नाही.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं अमेरिकेत घरच्यापुरती बिअर करायला केंद्रीय करातून सूट मिळाली: एका प्रौढ माणसाला वर्षाला 100 गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर 200. ब्रिटनमध्ये परवान्याची अट 1963 मध्येच गेली होती. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा हा लेख तिकडे राहणाऱ्या हौशी मंडळींसाठी, आणि इकडे ज्यांना फक्त पातेल्यात रस आहे त्यांच्यासाठी.

बार्लीला मोड आणून, वाळवून माल्ट करतात. तो गरम पाण्यात तासभर भिजवला की पिठाची साखर होते आणि गोड पाणी उतरतं, त्याला वॉर्ट म्हणतात. वॉर्ट हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी एका वेलीची फुलं, घालून तासभर उकळायचा, झटपट थंड करायचा आणि यीस्ट घालून आंबवायला ठेवायचा. मोठं पातेलं लागतं ते उकळण्यासाठी.

आता हिशेब उलटा मांडू. शेवटी 19 लिटर हवेत. तळाशी हॉप्सचा आणि प्रथिनांचा गाळ बसतो, त्यात दीड लिटर अडकला असं धरा. झाले साडेवीस. पण हे थंड वॉर्टचं माप झालं. 20 अंशांचं पाणी 100 अंशांवर गेलं की सुमारे चार टक्के फुगतं, म्हणजे उकळताना तेच साडेएकवीस लिटर दिसणार. तासाभरात चारेक लिटर वाफ होऊन जाईल. म्हणजे उकळी फुटताना पातेल्यात साधारण साडेपंचवीस लिटर. याच क्षणी वॉर्टमधली प्रथिनं फेस धरतात आणि दुधासारखा तो सरसरत वर येतो. त्याला सात-आठ लिटर जागा सोडली की आकडा तेहतीस-चौतिसावर जातो. म्हणून अनुभवी लोक डोळे मिटून दहा गॅलनचं, म्हणजे 38 लिटरचं पातेलं घ्या म्हणतात.

मग झाकण ठेवून वाफ वाचवावी की नाही? नाही. माल्टमध्ये एस-मिथाइल मेथिओनिन नावाचं संयुग असतं. उकळताना त्याचं विघटन होऊन डायमिथाइल सल्फाइड तयार होतं, ज्याला उकडलेल्या मक्यासारखा वास येतो. हा वायू वाफेबरोबर उडून गेला पाहिजे. झाकण लावलं तर त्यावर जमलेले थेंब तोच वास परत आत टाकतात. आधण येईपर्यंत झाकण खुशाल ठेवा, नंतर काढा.

वाफ मात्र फुकट होत नाही. 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 100 अंशांवर न्यायला सुमारे 8,400 किलोज्यूल लागतात. आणि उकळत्या पाण्यातल्या फक्त चार लिटरची वाफ करायला? सुमारे 9,000. म्हणजे सगळं पातेलं तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याहून जास्त उष्णता त्यातला सहावा हिस्सा उडवायला लागते. पाण्याची सुप्त उष्णता किलोमागे 2,257 किलोज्यूल असते असं आपण शाळेत पाठ केलं होतं. त्या आकड्याचा दणका इथे बसतो.

चार लिटरची ही वाफ तासाभरात करायची म्हणजे अडीच किलोवॉट उष्णता पाण्यात सतत पोचली पाहिजे. अमेरिकेतल्या साध्या प्लगमधून, 120 व्होल्ट आणि 15 अँपियरनं, जास्तीत जास्त 1,800 वॉट मिळतात. सगळेच्या सगळे पाण्यात गेले तरी तासाला तीन लिटरच्या आत वाफ होणार, आणि काही उष्णता भिंतींतून निसटणारच. ब्रिटनमधला तीन किलोवॉटचा प्लग इथे बाजी मारतो. स्वयंपाकघरातल्या गॅसवर ज्योत मोठी दिसते, पण निम्म्याहून जास्त उष्णता भांड्याच्या कडेनं वर निघून जाते. म्हणून अमेरिकेतले हौशी लोक घराबाहेर पंधरा-वीस किलोवॉटचा प्रोपेन बर्नर मांडतात. बाहेर म्हणजे बाहेरच: गॅरेजचं दार उघडं ठेवून भागत नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

धातूवरून मात्र नको तेवढे वाद होतात. ॲल्युमिनियम, म्हणजे आपल्याकडचं 'जर्मन', स्टेनलेस स्टीलपेक्षा दहा-पंधरा पट चांगलं उष्णतावाहक आहे, तेव्हा त्यात पाणी लवकर तापणार असं वाटतं. गणित करून बघू. 36 सेंटिमीटर व्यासाचं, एक मिलिमीटर जाडीचं स्टीलचं बूड घ्या आणि त्यातून सहा किलोवॉट जाऊ द्या. बुडाच्या खालच्या आणि वरच्या बाजूच्या तापमानात फरक पडतो चार अंशांहूनही कमी. ज्योतीचे वायू हजार अंशांच्या पुढे असतात. खरा अडथळा धातूचा नसतो, ज्योत आणि बूड यांच्यामधल्या हवेच्या थराचा असतो. लवकर तापण्यासाठी महागडा धातू घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

फरक पडतो तो आडवा. पातळ स्टीलमध्ये उष्णता बाजूला पसरत नाही, ज्योत लागते तिथेच बूड तापतं. पातेल्यात बोटभर पाणी घालून मंद आचेवर ठेवा आणि वाकून बघा. पातळ बुडाच्या स्टीलमध्ये बर्नरच्या भोकांचं अख्खं कडं बुडबुड्यांनी उमटतं आणि मधलं पाणी शांत असतं. जाड ॲल्युमिनियममध्ये, किंवा स्टीलच्या दोन थरांत ॲल्युमिनियमची चकती असलेल्या बुडात, बुडबुडे सगळीकडून सुटतात. नुसतं पाणी असेल तर दोन्ही सारखेच. पण माल्ट भिजवण्याऐवजी त्याचा तयार घट्ट पाक वापरणार असाल तर तो तळाशी बसतो आणि त्या कड्यावर बरोबर बुडाला लागतो. करपलेली चव नंतर कशानंही जात नाही. पाक ओतताना बर्नर बंद करावा आणि पूर्ण विरघळल्यावरच पुन्हा पेटवावा.

ॲल्युमिनियम आरोग्याला वाईट, ही भीती इथे फारशी लागू नाही. त्यावरचा ऑक्साइडचा थर साधारण 4 ते 8.5 सामूच्या दरम्यान टिकतो आणि वॉर्टचा सामू सव्वापाच-साडेपाच असतो. नव्या पातेल्यात अर्धा तास पाणी उकळलं की आतून करडा रंग चढतो, तो घासून काढायचा नाही. वाईट आहे ते कॉस्टिक सोड्यासारख्या तीव्र अल्कलीनं धुणं. स्टेनलेसचा शत्रू वेगळा, क्लोरीनचं ब्लीच: ते क्रोमियम ऑक्साइडचा थर फोडून बारीक खड्डे पाडतं. इनॅमलचं स्वस्त पातेलं टवका उडेपर्यंतच चांगलं.

चांगलं स्टेनलेस ओळखायला लोहचुंबक लावून बघतात, पण ही परीक्षा अर्धवट आहे. 304 या निकेल असलेल्या चांगल्या प्रतीच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, 430 या बिननिकेलच्या प्रतीला चिकटतो, इथवर ठीक. पण निकेल वाचवून मँगनीज घातलेल्या 200 मालिकेच्या स्टीललाही तो चिकटत नाही. उलट अस्सल 304 च्या वळवलेल्या काठाला किंचित ओढला जातो, कारण धातू वाकवताना त्याची स्फटिकरचना थोडी बदलते. इंडक्शनच्या पातेल्याच्या बुडाला तर मुद्दामच चुंबकीय थर दिलेला असतो.

आता रंगीत तालीम, माल्टचा दाणाही न वापरता. तोटी बसवलेलं पातेलं गार पाण्यानं भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. कागदावर डाग दिसला तर वॉशर पुन्हा बसवा. एवढ्यावर थांबू नका. तापल्यावर स्टील आणि सिलिकॉन वेगवेगळं फुगतात, म्हणून गारेगार असताना कोरडी राहिलेली तोटी उकळीला ठिबकू शकते. कड्यांचीही परीक्षा घ्या, पण थंड पाण्यावर. भरलेलं पातेलं तीस किलोंच्या पुढे जातं आणि उकळतं पातेलं कुणीही उचलू नये, तोटी त्यासाठीच असते.

आतल्या छापील खुणांवर विसंबू नका. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन-दोन किलो पाणी तोलून ओता आणि लाकडी पट्टीवर प्रत्येक वेळी खूण करा. मग 25 लिटर घेऊन घड्याळ लावून एक तास खळखळून उकळवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मोजा. गरम असताना मोजलंत तर चार टक्क्यांची फुगवण लिटरभर पाणी जास्त दाखवील. घट आली तो तुमच्या पातेल्याचा आणि बर्नरचा आकडा. दुसऱ्याचा उसना घेऊन चालत नाही, कारण पातेल्याचं तोंड, आच आणि वारा यांनी तो बदलतो. गॅसची टाकी आधी-नंतर तोलली तर आणखी एक गोष्ट कळते. प्रोपेनच्या एका किलोत 46 मेगाज्यूल असतात, त्यातले पाण्यात किती पोचले ते काढता येतं. चाळीस टक्के आले तर बर्नर ठीक. त्याहून बरेच कमी आले तर भोवती पत्र्याचा आडोसा करून बघा, पण ज्योतीला हवा मिळायची वाट मोकळी ठेवा.

याच उकळीत थर्मामीटरही तपासून घ्या, मात्र गावाची उंची विचारात घेऊन. हौशी बिअरवाल्यांची राष्ट्रीय संघटना 1978 मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी सुरू झाली. ते समुद्रसपाटीपासून साडेसोळाशे मीटरवर आहे आणि तिथे पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे 100 दाखवणारा थर्मामीटर फेकून द्यावा.

माल्ट भिजवायचं पातेलं वेगळं असेल तर त्याची परीक्षा उलटी, उष्णता धरण्याची. 67 अंशांचं पाणी भरा, झाकण लावा, घोंगडी गुंडाळा आणि तासानं बघा. एक-दोन अंश उतरले तर चालेल. चार-पाच उतरले तर घोंगडी वाढवा, कारण पिठाची साखर करणारी विकरं या मोजक्या अंशांवरच ठरवतात की बिअर कोरडी होणार की गोडसर.